देवदारची पेटी करावी का? कसर खरंच लागत नाही का?

पिंप्राळ्याची_सून

नमस्कार मंडळी. घराचं काम एकदाचं संपत आलंय (जळगाव, पिंप्राळा) आणि आता गाडी फर्निचरवर अडकलीय. सासूबाईंच्या पैठण्या आहेत, दोन रेशमी लुगडी आहेत, माहेरच्या लोकरीच्या शाली आहेत, हे सगळं इतकी वर्षं पत्र्याच्या पेटीत होतं. दिवाळीच्या साफसफाईत पेटी उघडली तर शालीला चाळणीसारखी भोकं आणि एका लुगड्याच्या घडीतच कुरतडलेलं. डांबरगोळ्या टाकलेल्या होत्या तरी. आणि त्या गोळ्यांच्या वासाने सासूबाईंचा दमा उठतो त्यामुळे त्या आता परत नकोतच.

कुठेतरी वाचलं की देवदारच्या पेटीत कसर लागत नाही. सुताराला विचारलं तर तो हसला, म्हणे ताई देवदार म्हणजे खोक्याचं लाकूड, त्याची पेटी कोण करतं, सागाची करा. टिंबर मार्टवाला म्हणतो माझ्याकडे ओरिजिनल देवदार आहे, आणि भाव सांगतो सागाच्या निम्म्याहून कमी. माझा भाऊ फौजेत आहे, सध्या हिमाचलमध्ये पोस्टिंग, तो म्हणतो सुट्टीला येताना चार फळ्या घेऊन येतो त्यात काय. सासरे भुसावळला रेल्वेत होते, मागच्या अंगणात त्यांनी कधीकाळी लिलावात घेतलेले जुने स्लीपर पडलेत, त्यांचं म्हणणं हे पण देवदारचेच आहेत, चिरून घे आणि कर पेटी. आणि ह्यांचं वेगळंच, नर्सरीतून देवदारची रोपं आणून बांधावर लावायची म्हणतात, नातवंडांना लाकूड होईल म्हणे.

तर खरं काय ते सांगा. पेटी करावी का, लाकूड कुठलं घ्यावं, आणि देवदारचा अजून काय उपयोग असतो?

धुळ्याचा_रंधा

ताई, तुमचा सुतार आणि तो टिंबरवाला, दोघं अर्धं अर्धं खरं बोलून राहिले. आपल्याकडे मशिनरीची, काचेची, टाइल्सची खोकी ज्या पांढरट पिवळ्या लाकडाची येतात त्याला बाजारात सरसकट देवदारच म्हणतात, माझे वडील पण तेच म्हणायचे. पण ते असतं पाइन, म्हणजे चीड नाहीतर बाहेरदेशातून आलेलं पाइन. स्वस्त, हलकं, खिळा पटकन जातो म्हणून पॅकिंगला बरं. त्याला कसर वाळवीचं काही वावडं नाही, उलट उधई लागली तर पाइन पहिलं संपतं. सुतार हसला तो याच्यावर हसला. खरा हिमालयातला देवदार ही वेगळी चीज आहे आणि ती सागाच्या निम्म्याहून कमी भावात धुळ्या-जळगावात मिळत असेल तर मलाच पत्ता द्या.

ओळखायचं कसं तर रंगावर जाऊ नका, रंग कोणीही लावतो. त्याला सांगा फळीच्या टोकाला समोर रंधा मार. ताज्या कापाचा वास घ्या. पाइनला टर्पेंटाइनसारखा, रंगाच्या दुकानासारखा उग्र वास येतो आणि दोन दिवसात बसतो. देवदारचा वास गोडसर, जड, थोडा धुपासारखा, आणि जुन्या फळीला पण नव्याने रंधा मारला की परत येतो. गाभा पिवळसर तपकिरी असतो, कडेचा भाग पांढरट. हा कडेचा पांढरा भाग काही कामाचा नाही बरं का, टिकाऊपणा आणि तेल सगळं गाभ्यात असतं, पांढऱ्याला किडा पण लागतो आणि वाळवी पण. त्यामुळे ओरिजिनल देवदार आहे पण निम्मी फळी पांढरी आहे असं असेल तर ते पैसे पाण्यात. वजनाला सागापेक्षा हलका, सुकलेला देवदार घनफुटाला साधारण १५-१६ किलो भरतो, साग १८-१९.

आता मुद्द्याचं. अख्खी पेटी देवदारची करू नका. एकतर गाठी खूप असतात, दुसरं म्हणजे ह्या लाकडातून तेल सुटत राहतं, त्यावर पॉलिश धड बसत नाही, चिकट डाग येतात. तिकडे दार, चौकट, खांब, तुळई याला वापरतात ते त्यामुळेच, नाजूक फर्निचरला कमी. पेटी बाहेरून सागाची करा, आपल्याकडे सागाचे कारागीर आहेत, आणि आतून गाभ्याच्या देवदारच्या पातळ पट्ट्यांचं अस्तर मारा, आठ-दहा मिलिमीटर जाडीचं पुरे, टंग-ग्रूव्ह करून, म्हणजे एका पट्टीची जीभ दुसरीच्या खाचेत बसवून. आणि आतल्या बाजूला पॉलिश, वॉर्निश, टचवुड काही म्हणजे काही मारायचं नाही. लोक हजारो रुपये घालून अस्तर मारतात आणि मग सुतार प्रेमाने आतूनही दोन हात फिरवतो, झालं, वास कायमचा कोंडला. मग ते देवदार असलं काय आणि प्लाय असलं काय.

अजून एक. लाकूड डोंगरातून थंड हवेतलं येणार आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो, हवा कोरडीठक्क. आणल्या आणल्या कापून बसवलं तर तडे जातील, पट्ट्या आकसून फटी पडतील. सावलीत, मधे मधे पट्ट्या घालून थप्पी लावा आणि काही महिने विसरून जा.

पिंप्राळ्याची_सून

बापरे, एवढं कोणी सांगितलंच नव्हतं. दादा खूप आभार. उद्याच मार्टवाल्याकडे जाऊन रंधा मारायला लावते, बघू काय तोंड करतो. पण मग भावाने आणलं तर ते तरी ओरिजिनल असेल ना?

बर्फातून_परत

ताई मी अमळनेरचा, फौजेतून रिटायर. भावाला सांगा असलं काही करू नको. ओरिजिनल मिळेल, प्रश्न तो नाहीये. देवदार हिमाचलचं राज्यवृक्ष आहे, हिरवं उभं झाड तोडायला तिकडे लय कडक बंधनं आहेत. गावातल्या हक्कदारांना घर बांधायला सरकारकडून सवलतीत लाकूड मिळतं, टीडी म्हणतात त्याला, पण ते त्यांच्या घरासाठी, विकायला नाही. कोणी गावकरी पैशासाठी तुमच्या भावाला चार फळ्या देईलही, पण राज्याबाहेर लाकूड न्यायला वनखात्याचा वाहतूक परवाना लागतो, वाटेत नाक्यावर अडवलं तर फळ्या जप्त आणि वर फौजी माणसाची नोकरीत बदनामी. वाळलेल्या आणि पडलेल्या झाडांचं लाकूड वन निगमच्या डेपोत लिलावात जातं, तिथून व्यापारी उचलतात. कागद असलेला व्यापारी बघा, दिल्ली चंदीगडकडून रीतसर बिलावर येतं, आपल्या धुळ्याच्या नाहीतर नाशिकच्या मोठ्या वखारवाल्यामार्फत मागवा.

उपयोग विचारला म्हणून सांगतो, तिकडे गेल्याशिवाय ह्या झाडाची किंमत कळत नाही. दीड हजार ते तीन हजार मीटर उंचीवर होतं, सरळ सोट, बुंध्याला मिठी मारायला तीन माणसं लागतात असली झाडं बघितली मी. कुल्लू, शिमल्याकडे जुनी घरं असतात, काठकुणी म्हणतात, एक थर देवदारच्या तुळयांचा, एक थर दगडाचा, परत तुळई, परत दगड, मधे चुना सिमेंट काही नाही. भूकंपात ते घर हलतं पण पडत नाही, दगड तुळयांच्या मधे धरलेले असतात ना. आमच्या पोस्टजवळच्या गावात एका म्हाताऱ्याचं घर होतं, पणजोबाच्या आधीचं म्हणायचा, खालच्या मजल्यावर गुरं, वर माणसं, आणि खालच्या तुळईवर नख मारलं तरी ठसा उमटायचा नाही. मनालीचं हिडिंबेचं मंदिर १५५३ चं, लाकडी, देवदारच्या रानातच उभं आहे. श्रीनगरच्या जामा मशिदीत साडेतीनशेच्या वर खांब आहेत, एकेक खांब म्हणजे एकेक देवदारचं खोड, मान वर करून बघावं लागतं. दल लेकमधले हाउसबोट पण देवदारचे, वर्षानुवर्षं पाण्यात बसून असतात, सडत नाहीत.

आणि तेल. तिकडचे लोक झाडाला केलो म्हणतात. बुंध्याच्या मुळाकडच्या लाकडाचं काळपट तेल काढतात, घट्ट, वास दोन दिवस हाताचा जात नाही. गुरांना गोचीड झाली, खरूज झाली, खूर चिघळला की ते चोळतात. आमच्या कंपनीतल्या खेचरांना पण लावायचे, माश्या बसत नाहीत. मी एक बाटली आणली होती आमच्या बैलांसाठी, आईने वास घेतला आणि बाटली गोठ्याच्या बाहेर टांगून ठेवली, घरात आणायची नाही म्हणाली.

लॅब_अटेंडंट_निवृत्त

सगळं बरोबर, पण मूळ प्रश्नाचं उत्तर राहिलं की, कसर लागते की नाही.

मी कॉलेजच्या लॅबमध्ये उभी नोकरी केली, त्यामुळे किडे आणि बाटल्या दोन्हीशी जन्माचा संबंध. ताई, तुम्ही ज्याला कसर म्हणताय ती शालीवरची म्हणजे कपड्यांच्या पतंगाची अळी नाहीतर कार्पेट बीटलची अळी. उडतं फुलपाखरू कपडा खात नाही, त्याला धड तोंडच नसतं, खाते ती अळी. आणि तिला हवं असतं केराटिन, म्हणजे लोकर, केस, पीस यातलं प्रथिन, आणि रेशीम पण चालतं. सुती लुगडं तिला सहसा नको असतं, पण त्याच्यावर घामाचा, जेवणाचा डाग असेल तर तेही कुरतडते. पुस्तकातली चंदेरी सरपटणारी वेगळी, तिला खळ आणि कागद लागतो.

देवदार आणि तत्सम लाकडाच्या तेलाने काय होतं तर नुकत्या अंड्यातून निघालेल्या बारीक अळ्या मरतात. मोठ्या झालेल्या अळ्या, अंडी, पतंग यांना फारसं काही होत नाही. म्हणजे आधीच कसर लागलेली शाल देवदारच्या पेटीत ठेवली तर अळ्या आनंदाने सुगंधात जेवतील. शिवाय तेल उडून जातं, काही वर्षांनी लाकूड नुसतं लाकूड राहतं, मग आतून बारीक पॉलिश पेपर मारून नवा थर उघडावा लागतो. जुन्या सीडार, म्हणजे देवदारसारख्या सुगंधी लाकडाच्या, पेट्यांची जी कीर्ती आहे त्यातली निम्मी त्या पेटीच्या घट्ट झाकणाची आहे. आत पतंग शिरलाच नाही तर अंडी कोण घालणार.

म्हणून आधी कपडे साफ करा. लोकर असेल तर मे महिन्यात गच्चीवर काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून भर दुपारी ठेवा, आपल्या जळगावच्या उन्हात आत सहज ५० च्या वर जातं, अळी अंडी सगळं मरतं, मधे एकदा उलटंपालटं करा. हा आपल्याला फुकट मिळालेला ओव्हन आहे, वापरून घ्यावा. पैठणीला मात्र हे करू नका, रंग आणि जर दोन्हीची वाट लागेल. रेशीम हवाबंद पिशवीत घालून डीप फ्रीझरमध्ये आठवडाभर ठेवा, आणि बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या नाहीतर पाणी सुटेल. घरी डीप फ्रीझर नसेल तर निदान सावलीत झटकून, घड्या बदलून ठेवा, दर दोन-तीन महिन्यांनी. कसरीला हालचाल आणि उजेड आवडत नाही.

ऑनलाइन जे सीडार बॉल मिळतात ते बऱ्याचदा देवदारचे नसतात, अमेरिकेतल्या रेड सीडारचे असतात आणि ते झाड तर ज्युनिपर आहे, सीडारच नव्हे. खरे सीडार म्हणजे आपला देवदार, लेबनॉनचा (त्यांच्या झेंड्यावर आहे तो), उत्तर आफ्रिकेतल्या अ‍ॅटलास पर्वताचा आणि सायप्रसमधला. तेलाचंही तसंच, बाटलीवर नुसतं सीडरवुड लिहिलेलं असतं, आत अ‍ॅटलास, हिमालय, टेक्सास, व्हर्जिनिया काहीही असू शकतं. ह्या व्हर्जिनियावाल्या तेलाच्या संगतीत तर माझी सगळी नोकरी निघाली. मायक्रोस्कोपचं सगळ्यात मोठं भिंग वापरायचं असलं की स्लाइडवर तेलाचा एक थेंब टाकून त्यात भिंग बुडवायचं, काच आणि तेल दोघांतून प्रकाश सारखाच वाकतो म्हणून चित्र स्वच्छ दिसतं. ते तेल म्हणजे सीडरवुड. पण पोरं भिंग न पुसता निघून जायची, तेल वाळून भिंगावर डिंकासारखं बसायचं आणि मग झायलीन (तेल विरघळवणारं द्रव) घेऊन पुसत बसायचो आम्ही. नंतर सिंथेटिक तेल आलं, पुसायचा त्रास गेला. वासही गेला.

वाघूर_काठ

ताई इतली महाग पेटी कशाले? आम्हनी माय पत्रानी पेटीमा कडूलिंबना वाळेल पाला नि वेखंडना तुकडा टाके, तिनं लुगडं आजून तसंच शे 😄

लॅब_अटेंडंट_निवृत्त

@वाघूर_काठ भाऊ, तुमच्या मायचं लुगडं सुती असणार.

वाघूर_काठ

सुतीच व्हतं 😅

भुसावळ_यार्ड

स्लीपरवाल्या मुद्द्यावर कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो, हे सगळ्यात महत्त्वाचं आहे ताई, सासऱ्यांना राग आला तरी चालेल.

ते स्लीपर चिरून कपड्यांची पेटी अजिबात करू नका. लाकडी स्लीपरला बऱ्याचदा क्रिओसोट पाजलेलं असतं, दगडी कोळशाच्या डांबरातून काढलेलं तेल, प्रेशरने लाकडात आतपर्यंत भरतात म्हणजे सडू नये, वाळवी लागू नये. दुपारच्या उन्हात स्लीपरजवळ उभं राहिलं की जो डांबराचा वास येतो तो त्याचाच, कधी कधी काळे थेंब पण सुटतात. ते अंगाला, श्वासाला वाईट, कॅन्सरकारक आहे. घरात वापरायचं नाही, त्याचा भुसा हुंगायचा नाही, आणि चुलीत तर मुळीच जाळायचं नाही. आमच्या कॉलनीत पूर्वी हिवाळ्यात लोक शेकोटीला टाकायचे, धूर काळा कुट्ट यायचा. दम्याचा माणूस घरात असताना तर विचार पण नको.

आता ते देवदारचे आहेत का, तर सांगणं अवघड. उत्तरेकडच्या लाइनवर देवदार खूप होता, इकडे आपल्या भागात साल, साग असायचे जास्त. क्रिओसोट लागल्यावर सगळी लाकडं सारखीच काळी दिसतात. माप बघा, ब्रॉडगेजचा लाकडी स्लीपर पावणेतीन मीटर लांब, पाव मीटर रुंद असतो. लांबी जेमतेम दीड मीटर असेल तर ते नॅरोगेजचे, कदाचित आपल्या पीजेचे, म्हणजे पाचोरा-जामनेर रेल्वेचे. मग चिरण्यापेक्षा आठवण म्हणून ठेवा, बागेत वाफ्याची कड करायला पण नको, भाजीपाला असेल तर.

आणि इतिहासाची एक गोष्ट. १८५० नंतर जी रेल्वे अंथरायला घेतली तिला एका मैलाला १७६० ते २००० स्लीपर लागायचे. हिमालयातले देवदार तोडून ओंडके भागीरथी, यमुना, झेलम ह्या नद्यांत सोडून द्यायचे, खाली पंजाबात नाहीतर हरिद्वारकडे पकडायचे. इतकी तोड झाली की इंग्रजांनाच धास्ती बसली, आणि १८६४ मध्ये वनखातं उभं केलं, डिट्रिक ब्रँडिस नावाचा जर्मन माणूस पहिला इन्स्पेक्टर जनरल. आज जे परवाने आणि नाके आहेत त्याचं मूळ तिथे आहे. आता स्लीपर काँक्रीटचे झाले, बरं झालं.

पिंप्राळ्याची_सून

सासऱ्यांना वाचून दाखवलं. पहिल्यांदा चिडले, मग टेप घेऊन अंगणात गेले. दीड मीटर! आता म्हणतात हात लावायचा नाही कोणी, हे पीजेचे आहेत. म्हणजे तो प्रश्न मिटला 😀

रोपांचं कोणी सांगेल का? आणि सासूबाई विचारतायत की बाळंतकाढ्यात देवदार असतो तो हाच का, मग भुसा निघेल तो टाकायचा नाही म्हणे, ठेवून द्यायचा.

काष्ठौषधी

काकूंना नमस्कार सांगा, बरोबर आठवलं त्यांना. बाळंतिणीसाठीचा देवदार्व्यादि काढा, त्यात देवदार, वेखंड, कोष्ठ, पिंपळी, सुंठ अशी बरीच औषधं येतात, नावच देवदारवरून. वातावर, सुजेवर, ठणक्यावर देवदार जुन्या काळापासून वापरात आहे, उगाळून लेप पण करतात. पण सुताराच्या हातचा भुसा काढ्यात टाकू नका. त्यात कडेचं पांढरं लाकूड असतं, यंत्राचं तेल असतं, मधे प्लायचा भुसा मिसळलेला असतो, फेविकॉल असतो. औषधाला गाभ्याचं, ओळखून घेतलेलं लाकूड लागतं, आणि तिथेही बाजारात देवदार म्हणून चीड माथी मारतात, आयुर्वेदात त्याला सरल म्हणतात, तो वेगळा. काढा वैद्यांना विचारून, तयार आणा.

आणि बाटलीतलं सीडरवुड तेल पोटात घ्यायचं नसतं, कोणी नेटवर काही लिहो. भुशाचं काय करायचं तर मलमलच्या पुरचुंडीत बांधून कपाटात ठेवा. गोठ्यात धुरी करा. ससा, पांढरा उंदीर असलं काही मुलांनी पाळलं असेल तर त्यांच्या खाली मात्र घालू नका, त्यांना सोसत नाही.

केळीचा_घड

रोपांचं मी सांगतो, आमच्याकडे रावेरला पण असे नर्सरीवाले फिरतात. तुमच्या मिस्टरांना सांगा पैसे वाचवा. देवदारला बर्फ लागतो, वर त्या फौजी काकांनी लिहिलंच आहे उंचीचं. आपल्या खानदेशात सगळ्यात गार म्हणजे तोरणमाळ, ते पण अकराशे-साडेअकराशे मीटरच्या आसपास, आणि तिथेही बर्फ पडत नाही. पिंप्राळ्याच्या बांधावर पहिल्याच उन्हाळ्यात काडी होईल. आणि जगलंच समजा, तरी लाकूड म्हणून तोडायला शंभर-सव्वाशे वर्षं धरतात, नातवंडं नाही, त्यांची नातवंडं.

नर्सरीवाला देवदार म्हणून देतो ते बहुतेक अरौकेरिया असतं, बंगल्यासमोर क्रिसमस ट्री म्हणून लावतात ते, नाहीतर मोरपंखी. शोभेला छान, लाकडाला शून्य. बांधावर लावायचंच असेल तर कडुनिंब लावा, साग लावा (सातबाऱ्यावर नोंद करून घ्या म्हणजे पुढे तोडायची परवानगी काढताना कटकट कमी), किंवा अंजन लावा. अंजन म्हणजे अस्सल आपलं झाड, खडकाळ मुरमाड जमिनीत येतं, पाला गुरं खातात, आणि लाकूड एवढं टणक की कुऱ्हाड परत येते. हळूहळू वाढतं पण दुष्काळात उभं राहतं. केळीच्या शेजारी मात्र बांधावर काही लावू नका, सावली पडते, हे माझं मत, शेजारच्याशी भांडण होतं ते वेगळंच.

पिंप्राळ्याची_सून

सगळ्यांचे मनापासून आभार. मार्टवाल्याकडे जाऊन आले. रंधा मारा म्हटल्यावर म्हणाला ताई लाकूड खराब होईल, मग दुसरी फळी दाखवली, मग म्हणाला ते इंपोर्टेड देवदार आहे 🤦‍♀️ वास घेतला, शुद्ध टर्पेंटाइन. निघून आले. भावाला फोन केला, त्याला पण नको सांगितलं.

ठरलं असं की पेटी सागाची, आतून देवदारचं अस्तर, नाशिकच्या वखारीतून बिलावर मागवतेय, गाभ्याचं सांगून ठेवलंय. शाली आधी उन्हात तापवणार. सुतार म्हणतो झाकण घट्ट बसावं म्हणून कडेला फेल्टची पट्टी लावू, ते बरोबर आहे ना? आणि पैठण्या थेट लाकडावर ठेवल्या तर चालेल का?

लॅब_अटेंडंट_निवृत्त

फेल्ट लोकरीचा असतो ताई! कसरीला दारातच ताट वाढून ठेवल्यासारखं होईल. काही फेल्ट सिंथेटिक मिळतो पण सुताराला विचारलं तर तो सगळ्यालाच सिंथेटिक म्हणेल. रबराची नाहीतर सिलिकॉनची पट्टी लावा.

धुळ्याचा_रंधा

रबर बरोबर, सिलिकॉन अजून बरं, आपल्या उन्हाळ्यात साधं रबर दोन-तीन वर्षात कडक होतं. पट्टीला खाच झाकणात मारायला सांगा, खालच्या पेटीत नको, नाहीतर कपडे काढता घालताना हाताने निघून येते. बिजागऱ्या पितळी घ्या आणि तीन घ्या, दोनवर सागाचं झाकण वाकडं होतं आणि एका कोपऱ्याला फट राहते, मग पट्टीचा काही उपयोग नाही.

पैठणी थेट लाकडावर नको. तेलाचा डाग रेशमावरून जात नाही. पांढऱ्या धुतलेल्या मलमलमध्ये गुंडाळा, तळाला पण एक मलमल अंथरा, जरीचा भाग आत येईल अशी घडी घाला. अस्तराच्या पट्ट्यांना फेविकॉल लावू देऊ नका, नुसते पितळी स्क्रू, म्हणजे वास गेला की काढून रंधा मारून परत बसवता येतात. आणि उन्हाळ्यात बसवत असाल तर दोन पट्ट्यांच्या मधे पत्त्याच्या जाडीएवढी फट सोडायला सांगा. जुलैत हवा ओली झाली की लाकूड फुगतं, जागा नसेल तर पट्ट्या पोट काढून उठतात. सुतार म्हणेल फट दिसते, वाईट दिसतं. दिसू दे, आत कोण बघतंय.